एर्बियमची काच पहिल्यांदा ओतताना: नागपुरातल्या नव्या संशोधकांसाठी

पीएच.डी.चा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे, त्यावर 'ऑप्टिकल अँप्लिफायरसाठी एर्बियम डोप्ड फॉस्फेट ग्लास' (म्हणजे प्रकाशाचा सिग्नल वाढवण्यासाठी थोडा एर्बियम मिसळलेली फॉस्फेट काच) असं काहीतरी लिहिलं आहे, आणि पहिली बॅच तोलायची कशी इथपासून सगळं नवं आहे. अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. नागपूर विद्यापीठात ल्युमिनेसन्सवर काम करण्याची जुनी परंपरा आहे, त्यामुळे फॉस्फरबद्दल काही अडलं तर शेजारच्या खोलीत विचारायला कुणीतरी भेटतं. पण फॉस्फर म्हणजे ऊर्जा दिली की चमकणारी पावडर. काचेतून प्रकाश आरपार जायला हवा, तिची जाडी मोजता यायला हवी, तिच्यात ताण नको आणि पाणी तर अजिबात नको. या शेवटच्या गोष्टीवर मी या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष तिच्यातच गेलं.

काम कशासाठी आहे, ते आधी

फायबरमधून जाणारा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल कमी होतो. नागपूरहून रुळाच्या कडेने वर्ध्यापर्यंत जायचं म्हटलं तर साधारण ८० किलोमीटर, म्हणजे १६ डेसिबल. निघालेल्या प्रकाशाचा चाळिसावा हिस्सा वर्ध्याला पोचतो. तिथे तो वाढवला नाही आणि तसाच मुंबईकडे सोडला, तर ८०० किलोमीटरनंतर एकावर सोळा शून्यं इतक्या पटीनं तो क्षीण झालेला असेल. म्हणून लांबच्या मार्गांवर दर ८०-१०० किलोमीटरला अँप्लिफायर बसवतात. त्याच्या आत असतं काही मीटर फायबर, आणि त्या फायबरच्या गाभ्यात अगदी थोडा एर्बियम. बाहेरून ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा पंप-लेसर एर्बियमला ऊर्जा देतो आणि १५५० च्या आसपासचा येणारा सिग्नल ती ऊर्जा घेऊन मोठा होतो. मधे विजेचा सिग्नल करावा लागत नाही.

याचं मूळ बरंच जुनं आहे. १९६१ मध्ये एलियास स्नित्झर यांनी निओडिमियमच्या काचेतून लेसर काढला, आणि १९६४ मध्ये कोस्टर व स्नित्झर यांनी निओडिमियम-फायबरमधून प्रकाश वाढवून दाखवला. दळणवळणाला हवी ती तरंगलांबी मात्र एर्बियमने दिली. १९८७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये देझुर्वीर यांच्या गटाने एर्बियम-फायबर अँप्लिफायर करून दाखवले.

माजघरातले इलेक्ट्रॉन

एर्बियम, निओडिमियम यांसारख्या रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांच्या आयनांचे जे इलेक्ट्रॉन प्रकाश देतात, ते फोर-एफ कवचातले. त्यांच्या बाहेरून फाइव्ह-एस आणि फाइव्ह-पी ही भरलेली कवचं असतात. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात माजघरात बसलं की रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येतो पण दबलेला, ओसरीने तो अडवलेला असतो. तसंच इथे. आजूबाजूची काच बदलली तरी एर्बियमची रेषा १५३५ नॅनोमीटरच्या आसपासच राहते, निओडिमियमची १०६० च्या आसपास. पण गोंगाट थोडा आत येतोच. निओडिमियमची रेषा सिलिकेट काचेत १०६१-६२ नॅनोमीटरला असते, तर फॉस्फेटमध्ये १०५३-५४ ला. रेषेची रुंदी, तीव्रता आणि वरच्या स्तरावर आयन किती वेळ टिकतो (त्याचा लाइफटाइम), या तीन गोष्टी मात्र काच ठरवते. तुमची पीएच.डी. म्हणजे या तीन गोष्टींचा अभ्यास.

दोन आयनांमधला एक फरक पहिल्याच आठवड्यात पक्का करा. निओडिमियमचा लेसर चार स्तरांचा आहे: प्रकाश देऊन आयन जिथे उतरतो तो स्तर जवळजवळ रिकामाच असतो, म्हणून थोड्या पंपानेही वाढ मिळते. एर्बियमचा तीन स्तरांचा आहे: आयन उतरतो तो थेट तळाशी, जिथे बाकीचे आयन सिग्नल शोषायला तयार बसलेले असतात. साधारण अर्धे आयन वर नेईपर्यंत एर्बियमची काच सिग्नल खातेच, देत काही नाही. त्यामुळे एर्बियमला 'जास्त टाकलं की जास्त वाढ' हा हिशोब चालत नाही.

कोणती काच घ्यायची

काचेच्या जाळ्याची स्वतःची कंपनं असतात. या कंपनाच्या एका हिश्श्याला फोनॉन म्हणतात. फोनॉनची ही ऊर्जा बोरेटमध्ये सुमारे १४०० वेव्हनंबर (एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा बसतात त्यावरून ऊर्जा मोजायचं एकक), फॉस्फेटमध्ये १२००, सिलिकेटमध्ये ११००, टेल्युराइटमध्ये ७५० च्या आसपास, आणि झेडब्लॅनसारख्या फ्लोराइड काचेत ६०० च्याही खाली. आयनाच्या दोन स्तरांमधली दरी चार-पाच फोनॉनमध्ये भरून निघत असेल तर आयन प्रकाश न देता उष्णता देऊन खाली येतो. त्याहून जास्त फोनॉन लागत असतील तर तो वाट बघतो आणि प्रकाश देतो.

आता हा हिशोब एर्बियमवर करून बघा, कारण सगळा निर्णय इथे आहे. १५३५ ची दरी सुमारे ६५०० वेव्हनंबर. बोरेटला ती ओलांडायला पाचही फोनॉन लागत नाहीत, म्हणून बोरेटमध्ये एर्बियमचा लाइफटाइम एक मिलिसेकंदाच्याही खाली येतो. फॉस्फेटला पाचाहून जास्त लागतात, तिथे चांगल्या काचेत ८ मिलिसेकंदांच्या जवळपास मिळतो. मग टेल्युराइट सगळ्यात उत्तम का नाही? तर ९८० ने पंप केल्यावर आयन आधी त्याहून वरच्या स्तरावर पोचतो, आणि तिथून १५३५ च्या स्तरावर त्याने लवकर उतरावं अशी आपली इच्छा असते. ती दरी सुमारे ३६०० वेव्हनंबरची. फॉस्फेटमध्ये तीन फोनॉनमध्ये काम होतं, आयन काही मायक्रोसेकंदांत खाली येतो. टेल्युराइटमध्ये तो वर रेंगाळतो, आणखी एक पंप-फोटॉन गिळतो आणि हिरवा प्रकाश देतो. म्हणजे फॉस्फेटचं जोरदार कंपन एका दरीत आपल्या कामाचं आहे आणि दुसरीत फारसं आड येत नाही. टेल्युराइटची जागा वेगळी आहे: तिच्यात एर्बियमचा पट्टा रुंद येतो, म्हणून एकाच फायबरमधून जास्त चॅनेल वाढवायचे असतील तेव्हा तिचा विचार होतो.

माझं मत सरळ आहे. फर्नेसवर हात बसवायला एक-दोन बॅचेस बोरेटच्या करा, कारण ती ९५०-१००० अंशांत वितळते आणि स्वस्त पडते. पण बोरेट काच 'अँप्लिफायरसाठी' म्हणून शोधनिबंधात मांडू नका. असे निबंध खूप आहेत, आणि त्यातल्या कित्येकांत १५३५ चा लाइफटाइम मोजलेलाच नसतो.

बॅच तोलणं

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. मोल टक्क्यांत: फॉस्फरस पेंटॉक्साइड ६०, अ‍ॅल्युमिना १०, पोटॅशियम ऑक्साइड १५, बेरियम ऑक्साइड १४.५, एर्बियम ऑक्साइड ०.५. या मिश्रणाचं सरासरी रेणुवस्तुमान १३३.६ येतं. तुम्हाला २० ग्रॅम काच हवी आहे. फॉस्फरस अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटमधून घ्यायचा, पोटॅशियम आणि बेरियम कार्बोनेटमधून. मग तोलायचं असं: अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट २०.६६ ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट ३.१०, बेरियम कार्बोनेट ४.२८, अ‍ॅल्युमिना १.५३ आणि एर्बियम ऑक्साइड ०.२८६ ग्रॅम. बेरीज जवळजवळ ३० ग्रॅम. उरलेले दहा ग्रॅम अमोनिया, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातात. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

एक चूक दरवर्षी कुणीतरी करतंच. एर्बियम ऑक्साइडच्या एका रेणूत एर्बियमचे दोन आयन असतात. घनता २.८ धरली तर या काचेत एका घन सेंटीमीटरमध्ये १.२६ गुणिले १० चा २० वा घात इतके एर्बियम आयन आहेत. दोनाने गुणायचं विसरलं की पुढचे क्रॉस-सेक्शन (एक आयन प्रकाश किती ताकदीने शोषतो किंवा देतो त्याचं माप) दुप्पट येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काच फार भारी आहे.

बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी आहे. तोलताना मास्क, हातमोजे, आणि त्या टेबलावर चहाचा कप नाही.

आता कूलर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत खिडकीला डेझर्ट कूलर असतो. बाहेरची हवा त्या दिवसांत इतकी कोरडी असते की काचेच्या कामासाठी याहून चांगला हंगाम नाही. आणि आपण नेमकी ती हवा ओल्या खसातून ओढून तराजूवर सोडतो. माझ्या पहिल्या सेटला मी थेट फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरलं होतं. कूलर पाठीमागे सुरू होता. बटर पेपरवर पांढरी भुकटी ठेवली आणि तराजूवरचा आकडा थांबेना. शेवटचा अंक वर, मग त्याच्या आधीचाही वर. मला वाटलं तराजू बिघडला. दोन मिनिटांत भुकटीच्या कडा ओल्या पिठासारख्या कागदाला चिकटल्या. ती हवेतलं पाणी पीत होती, आणि मी ते पाणी फॉस्फरस समजून तोलत होते. त्या सेटच्या काचा दिसायला सुंदर झाल्या, स्वच्छ गुलाबी. लाइफटाइम अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही आला नाही. कारण कळायला मला पुढचा पावसाळा लागला.

तेव्हा नियम असे. तोलण्याच्या अर्धा तास आधी कूलर बंद, दार बंद, घाम आला तरी चालेल. सकाळी लवकर तोला. पेंटॉक्साइड ग्लोव्ह-बॉक्स (आत कोरडी हवा असलेली बंद पेटी) नसेल तर वापरूच नका. रेअर अर्थ ऑक्साइड आधी ९०० अंशांवर काही तास भाजून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून मगच तोला. निओडिमियम आणि लँथॅनमचे ऑक्साइड तर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही धरून ठेवतात. बाटलीतलं तसंच तोललं तर तुमची मोल टक्केवारी पहिल्याच पायरीला खोटी ठरते. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, फॉस्फेटची नवी बॅच शक्यतो घेऊ नका. ते महिने मोजमापाला आणि लिहायला ठेवा.

वितळवणं आणि ओतणं

मिश्रण खलात अर्धा तास घोटून घ्या आणि क्रुसिबल (वितळवायचं भांडं) एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. अमोनियम फॉस्फेट दोनशे अंशांच्या आसपास वितळतं आणि दुधासारखं उतू येतं. आधी ३०० ते ४०० अंशांवर चार-पाच तास ठेवा, एक्झॉस्टखालीच, कारण अमोनियाने डोळे झोंबतात. फेस पूर्ण बसला की मग ११५० ते १२०० पर्यंत न्या आणि एक ते दोन तास धरा.

अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलला वितळलेलं फॉस्फेट थोडं खातं, म्हणून तुमच्या काचेत लिहिल्यापेक्षा जरा जास्त अ‍ॅल्युमिना असणार. शिकताना हे चालतं, फक्त निबंधात लपवू नका. प्लॅटिनमच्या क्रुसिबलमध्येही सगळं आलबेल नसतं. मोठ्या लेसरांच्या काचेत प्लॅटिनमचे अगदी बारीक कण राहिले तर जोरदार प्रकाशात तो कण तापून काच आतून फुटते, आणि हे कण विरघळवून टाकणं हा लेसर-काच बनवणाऱ्यांपुढचा फार मोठा प्रश्न होता. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत (लेसरने अणुसंमीलन घडवणारी प्रयोगशाळा) निओडिमियम-फॉस्फेट काचेच्या ३०७२ लाद्या आहेत. त्यातली प्रत्येक लादी तुमच्या बोटाएवढ्या तुकड्याचंच भावंड आहे: तोच फॉस्फेट, तेच पाणी काढण्याचं दुखणं.

पाणी काढायचा साधा उपाय म्हणजे वितळलेल्या काचेवरून, जमलं तर तिच्यातून, कोरडा नायट्रोजन किंवा ऑक्सिजन सोडणं. सिलिंडरमधून येणारा वायू सिलिका जेलच्या नळीतून घ्या. फ्लोराइड टाकूनही पाणी निघतं, पण त्यात हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. योग्य एक्झॉस्ट नसलेल्या खोलीत तो प्रयोग कुणीही सांगितला तरी करू नका.

ओतण्याआधी पितळी साचा ३५० ते ४०० अंशांवर तापवून ठेवा. लेथच्या दुकानात गोल खळगा करून घेतलेली पितळी चकती उत्तम काम देते. क्रुसिबल चिमट्यात धरून बाहेर काढलं की आतला रस पिवळट-नारिंगी तेजाने चमकतो आणि त्यात एर्बियमचा काही पत्ता लागत नाही. एका झटक्यात ओता. मधे थांबलात तर तुकड्यात सरबतासारख्या रेषा राहतात. चमक विझत जाते आणि मग, अगदी हळू, कडेकडून गुलाबी रंग वर येतो. निओडिमियमची काच केलीत तर ती गार झाल्यावर व्हरांड्यात न्या: उन्हात जांभळट दिसते, आणि आत ट्यूबलाइटखाली आणली की निळसर. तिचा पिवळ्या प्रकाशातला, ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषणपट्टा इतका धारदार आहे की दोन दिव्यांच्या प्रकाशातला फरक ती डोळ्यांना दाखवते.

ओतल्यावर लगेच दुसऱ्या फर्नेसमध्ये अ‍ॅनिलिंगला (आतला ताण जावा म्हणून तापवून हळू गार करायला) ठेवा. तापमान काचेच्या टी-जीच्या (ज्या तापमानाला काच मऊ होऊ लागते) जरा खाली, आणि टी-जी डीटीएवरून (डिफरन्शियल थर्मल अ‍ॅनालिसिस) काढलेला असावा, दुसऱ्याच्या निबंधातून उचललेला नको. तीन-चार तास धरून रात्रभर फर्नेसमध्येच गार होऊ द्या. घाई केली तर दुसऱ्या दिवशी डेसिकेटरमधून 'टक्' असा आवाज येतो आणि तुकड्याचे दोन झालेले असतात. ताण तपासायला महाग उपकरण लागत नाही. लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेवा, त्यासमोर काच धरा आणि पोलरॉइड गॉगल फिरवून बघा. पडदा काळा झाल्यावरही काचेत उजळ ठिपके किंवा पंखे दिसले तर परत अ‍ॅनिल करा.

आता क्रुसिबलचं वजन. बॅच भरली तेव्हाचं आणि वितळवून झाल्यावरचं (ओतलेली काच धरून), दोन्ही घ्या. ३० ग्रॅममधून दहाच्या आसपास गेले पाहिजेत. अकरा-बारा गेले तर फॉस्फरस उडालेला आहे. वेळ किंवा तापमान कमी करा.

पॉलिश, घनता, अपवर्तनांक

एमरी पेपरच्या वाढत्या नंबरांवरून शेवटी सेरियम ऑक्साइडवर या. सेरियमही रेअर अर्थच, आणि चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांकडेही हीच पावडर असते. फॉस्फेटला पाण्याने घासू नका, केरोसिन किंवा पॅराफिन तेल वापरा, नाहीतर पृष्ठभाग दोन दिवसांत धुरकट होतो. दोन्ही बाजू समांतर हव्यात. जाडी स्क्रू-गेजने पाच ठिकाणी मोजा.

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने, टोल्यूइन किंवा झायलीनमध्ये बुडवून. अपवर्तनांकासाठी अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर फॉस्फेटला चालतो. टेल्युराइटचा अपवर्तनांक २ च्या आसपास असतो, तिथे हे उपकरण पुरत नाही. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) धारदार शिखर न दिसता एकच रुंद उंचवटा दिसला की काच अनाकार आहे एवढं कळतं, याहून जास्त त्यातून काढायला जाऊ नका.

पाणी मोजा, आणि ते पहिल्यांदा मोजा

इथे बहुतेक जण पायरी चुकवतात, म्हणून सावकाश सांगते. काचेत पाणी हायड्रॉक्सिल गटाच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) रूपात राहतं. त्या गटाचं कंपन ३००० ते ३६०० वेव्हनंबरला असतं. एर्बियमची दरी ६५०० ची. म्हणजे दोन हायड्रॉक्सिल कंपनं मिळून ती दरी भरतात. जाळ्याला जिथे पाच-सहा फोनॉन लागतात तिथे पाण्याचं काम दोनांत होतं. शिवाय एर्बियम ते एर्बियम ऊर्जा उड्या मारत जाते, आणि शंभर आयनांमागे एकाशेजारी जरी हायड्रॉक्सिल असला तरी ऊर्जा फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचून संपते. म्हणूनच एर्बियम वाढवलं की ओली काच जास्त लवकर कोलमडते.

मोजायचं असं. पॉलिश केलेला २ मिलिमीटरचा तुकडा एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरमध्ये) थेट प्रकाशाच्या वाटेत ठेवा आणि पारगमन बघा. केबीआर पेलेट करू नका, कारण पोटॅशियम ब्रोमाइड स्वतःच हवेतलं पाणी घेतं आणि तुम्ही काचेचं म्हणून त्याचं पाणी मोजाल. पट्टा नसलेल्या जागेच्या पारगमनाला पट्ट्याच्या तळाच्या पारगमनाने भागा, त्याचा नॅचरल लॉग घ्या, सेंटीमीटरमधल्या जाडीने भागा. उत्तर १० आलं, तर २ मिलिमीटरच्या तुकड्यातून त्या ठिकाणी जेमतेम १३-१४ टक्के प्रकाश पार होतो आहे. अशी काच ओली आहे, तिच्यावर पुढचा वेळ घालवू नका. १ च्या आसपास आला की काम सुरू करण्याजोगी काच झाली असं मी मानते.

शोषण आणि जड-ओफेल्ट

पुष्कळ विभागांतला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर ११०० नॅनोमीटरला थांबतो. तुम्हाला १५३५ चा पट्टा हवाच, म्हणून निअर-इन्फ्रारेडपर्यंत जाणाऱ्या उपकरणावर आधीच वेळ मागून ठेवा. शोषणगुणांक म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी गुणिले २.३०३, भागिले जाडी. वरच्या काचेत १५३५ ला क्रॉस-सेक्शन ०.७ गुणिले १० चा उणे २० वा घात चौरस सेंटीमीटर धरला तर शोषणगुणांक ०.८८ येतो, आणि २ मिलिमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी फक्त ०.०८ च्या घरात. दोन्ही पृष्ठांवरून मिळून ८-९ टक्के प्रकाश नुसता परावर्तित होत असतो. बेसलाइन नीट वजा केली नाही तर पट्ट्याचं क्षेत्रफळ सहज चुकतं. या मोजमापाला ५ मिलिमीटरचा तुकडा चांगला. ९८० चा पट्टा त्याहूनही अशक्त असतो, म्हणून तर एर्बियमसोबत इटर्बियम घालतात: तो पंप जोरात शोषतो आणि एर्बियमला देतो.

ब्रायन जड आणि जॉर्ज ओफेल्ट यांनी १९६२ मध्ये, स्वतंत्रपणे, या पट्ट्यांच्या तीव्रतेचा सिद्धांत मांडला. तुम्ही मोजलेल्या दहाएक पट्ट्यांच्या तीव्रता घेऊन तीन आकडे बसवायचे: ओमेगा-२, ओमेगा-४, ओमेगा-६. मग त्या तिघांवरून न मोजलेल्या संक्रमणांच्या शक्यता आणि रेडिएटिव्ह लाइफटाइम काढायचा. ५२१ आणि ३७९ नॅनोमीटरचे पट्टे अतिसंवेदनशील आहेत, शेजारचं वातावरण बदललं की तेच जास्त हलतात, आणि ओमेगा-२ मुख्यतः त्यांच्यावर ठरतो. १५३५ च्या पट्ट्यात चुंबकीय द्विध्रुवाचाही मोठा वाटा आहे. तो आधी वजा करा, कारण सिद्धांत फक्त विद्युत द्विध्रुवाचा आहे. इटर्बियमला एकच संक्रमण आहे, तिथे तीन आकडे बसवता येत नाहीत. प्रेसिओडिमियमला उत्तर कधी कधी ऋण येतं, तेव्हा घाबरू नका, तो सिद्धांताचाच कमकुवत कोपरा आहे.

हे सगळं छान कोष्टकात बसतं आणि म्हणूनच लोक इथेच थांबतात. पण जड-ओफेल्टला पाणी दिसत नाही. ओल्या आणि कोरड्या काचेचे ओमेगा जवळजवळ सारखेच येतील, कारण शोषणात हायड्रॉक्सिल आड येत नाही. त्याची करामत फक्त लाइफटाइममध्ये कळते. माझ्या त्या पहिल्या सेटची जड-ओफेल्ट कोष्टकं अगदी निर्दोष होती.

लाइफटाइम

९८० चा डायोड लेसर डोळ्याला दिसत नाही, आणि म्हणूनच जास्त धोकादायक आहे. गॉगल घातल्याशिवाय स्विचला हात लावू नका. हातातली घड्याळं, अंगठ्या काढून ठेवा.

लेसर चालू-बंद करून १५३५ चा प्रकाश कसा विझतो ते ऑसिलोस्कोपवर बघायचं. डिटेक्टर इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा लागतो. फॉस्फरसाठीची नेहमीची पीएमटी (फोटोमल्टिप्लायर नळी) १५३५ ला आंधळी असते. आपल्या विभागात नसेल तर त्यासाठी बाहेर वेळ मागावा लागतो. कोलकात्याच्या सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटने लेसर-काच आणि एर्बियम-फायबर दोन्हींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांचे निबंध आधी वाचून मगच नमुने कुठे पाठवायचे ते ठरवा.

मोजलेला लाइफटाइम भागिले जड-ओफेल्टचा रेडिएटिव्ह लाइफटाइम म्हणजे क्वांटम एफिशियन्सी. ती १०० टक्क्यांच्या वर आली तर आनंद करू नका. एर्बियमने दिलेला प्रकाश शेजारचा एर्बियम शोषतो, पुन्हा देतो, आणि त्यामुळे विझायला वेळ लागतो असं वाटतं. काच पातळ घ्या, लेसर अगदी कडेजवळ टाका आणि तिथूनच प्रकाश गोळा करा; आकडा खाली येईल आणि खरा येईल. पंप लावल्यावर काचेत हिरवा ठिपका दिसतो, तो ५२५ आणि ५४५ च्या अपकन्व्हर्जनचा (आयनाने एकापेक्षा जास्त पंप-फोटॉन गिळून दिलेला प्रकाश). दिसायला फार सुंदर. अँप्लिफायरच्या हिशोबात ती गळती आहे.

मग ०.१, ०.५, १ आणि २ मोल टक्के अशा चार काचा करून लाइफटाइम विरुद्ध आयनांची संख्या असा आलेख काढा. चौघींचं पाणी सारखं असेल तरच त्या आलेखाला अर्थ आहे, म्हणून प्रत्येकीचा एफटीआयआरचा आकडा बिंदूशेजारी लिहा.

गेन

शोषणाच्या क्रॉस-सेक्शनवरून मॅक्कंबरच्या पद्धतीने उत्सर्जनाचा क्रॉस-सेक्शन काढा. मग वर गेलेल्या आयनांचा हिस्सा ०, ०.२, ०.४ असा वाढवत प्रत्येक तरंगलांबीला गेन (सिग्नलची वाढ) काढायचा: वरचे आयन गुणिले उत्सर्जन, वजा खालचे आयन गुणिले शोषण. कितव्या हिश्श्यापासून १५५० ला गेन धन होतो आणि १५३० ते १५६५ या सी-बँडवर तो किती सपाट आहे, हे बघा. एका काचेची दुसरीशी तुलना करताना उत्सर्जन क्रॉस-सेक्शन गुणिले मोजलेला लाइफटाइम हा गुणाकार वापरा. 'मोजलेला' या शब्दाखाली वहीत रेघ ओढून ठेवा.

चांगले तुकडे सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, प्रत्येकावर वितळवल्याची तारीख आणि पाण्याचा आकडा लिहून ठेवा. निळी सिलिका गुलाबी झाली की १२० अंशांवर भाजून परत निळी करा. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर आठवड्याला लागतं. मेमध्ये मोजलेला तुकडा सप्टेंबरमध्ये पुन्हा एफटीआयआरला लावा. पृष्ठभाग धुरकट झाला असेल तर तेलावर हलकं पॉलिश करून, जाडी पुन्हा मोजून, मग लावा.